गळला तर परत

रायघाट, १२ नोव्हेंबर १९५६

रा. रा. चिमाजीराव यांस उद्धवरावांचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सर्व खुशाल आहे. आपण साडू झाल्याला आठ वर्षं होत आली आणि मी तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहिण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून आधीच सांगितलं.

काम किरकोळ आहे. आमच्या फ्लाइंग क्लबाच्या आवारात बागेसाठी पाण्याचा पंप आहे. त्याच्या इंजिनाला हवा पोचवणारा एक पत्र्याचा डबा असतो, तो म्हातारा झाला आहे. कोपऱ्यांना चिरा गेल्या आहेत. डब्याला दोन तोंडं आहेत. एकातून गार हवा येते, दुसऱ्यातून तापलेली, आणि यातली कुठली घ्यायची ते मधली झडप फिरवून ठरवायचं. त्या झडपेची दांडी इतकी खिळखिळी झाली आहे की एखादा तुकडा सुटून इंजिनाच्या पोटात जायचा. विलायतेहून नवा डबा मागवायचा तर पावसाळा उजाडेल. तुम्ही ट्रंका, नरसाळी वगैरे करता, तेव्हा म्हटलं घरच्याच माणसाला द्यावं.

जुना डबा रेल्वे पार्सलने पाठवला आहे. दुरुस्त होत असेल तर करा, नाहीतर तस्साच नवा बनवा. फट, चीर, भोक जे दिसेल ते बंद करा. हवेला चोरवाट राहता कामा नये. रांग्याचा डाग देऊ नका, तो तापून वितळेल. रिबिटा मारा.

दिवाळीत खेडला मी मामांना शब्द दिला तेव्हा तुम्ही तिथेच होतात. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की सासरेबुवांना विमानातून फिरवून आणायचं आहे. त्या तयारीत मला मान वर करायला फुरसत नाही, म्हणून पंपाचं हे लचांड तुमच्या गळ्यात घालतो. जानेवारी उजाडताच डबा हातात पडावा. मामांना यातलं काही कळवायची गरज नाही. क्षुल्लक बाब आहे.

सौ. शालनला आशीर्वाद.

आपला,
उद्धवराव, ग्राउंड इंजिनिअर


चिंचवड, २१ नोव्हेंबर १९५६

थोरल्या साडूभाऊंना धाकट्याचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. त्याच्या खाली वाकवत नाही, कमरेत उसण भरली आहे.

तुमचं अक्षर पाहून शालन आधी देवापाशी जाऊन आली आणि मग म्हणाली, फोडा. पंपाचं वाचलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

पार्सल स्टेशनावरून आणलं. दुरुस्तीत राम नाही, ठिगळावर ठिगळ होईल, तेव्हा नवाच करतो. पण साडूभाऊ, पंपाला इतका नाजूक डबा? पत्रा विड्याच्या पानाएवढा. असल्या पत्र्याची आम्ही हळदीची डबीसुद्धा करत नाही. मी जरा जाड घेतो.

इकडे सध्या ट्रंकांना मरण नाही. पिंपरीला औषधांचा कारखाना झाल्यापासून परभणीपासून कोकणापर्यंतची पोरं कामाला येतायत. प्रत्येकाला आधी खोली लागते आणि मग ट्रंक. माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे. तयार ट्रंक पाण्यानं काठोकाठ भरायची आणि दुकानापुढं स्टुलावर ठेवून द्यायची. सकाळी स्टूल कोरडं असेल तरच माल विकायचा. मुंबई रस्त्यानं जाणारा-येणारा बघतो. पाटीवर लिहिलंय 'गळला तर परत', आणि आजवर एकही परत आलेला नाही. सांगायला नको, पण सांगतो.

दिवाळीत मी तिथे होतो हे खरं. तुम्ही माजघरात उजव्या पाटावर बसून आभाळातल्या गोष्टी सांगत होतात आणि मी परसात मामांच्या गळक्या बादल्या ठोकत होतो. दर दिवाळीला मामा थोरल्या जावयापुढं फराळ मांडतात आणि धाकट्यापुढं बादल्या. लाडू मलाही मिळतो, पण हात धुऊन येईपर्यंत बेसनाचे संपलेले असतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

एक विचारायचं राहिलं. डब्याच्या तळाला एक बारीक भोक आहे. गंजाचं वाटत नाही, कडा गोल आहेत. ते ठेवायचं की बुजवायचं?

आपला,
चिमाजी

ता. क. भाऊजी, विमानात बसायला आबांनी नवा कोट शिवायला टाकलाय. शिंपी खेडभर सांगत सुटलाय. आता तुम्हाला मागं फिरायला जागा नाही. — शालन


रायघाट, ५ डिसेंबर १९५६

रा. रा. चिमाजीराव यांस नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या ट्रंका ओलांडून मुद्द्यापर्यंत येईतो माझा चहा निवला. यापुढे कामापुरतं लिहावं.

भोकांबद्दल मी पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. जे दिसेल ते बंद. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारू नये.

पत्रा मात्र जाड घेऊ नका. आमच्याकडे तोळ्या-तोळ्याचा विचार करावा लागतो. म्हणजे पंपाच्या बाबतीत.

मामांचं पत्र आलं. त्यांच्याबरोबर मामी आणि खेडची सात-आठ मंडळी येणार आहेत. विमान खेडवरून नेऊन भैरोबाच्या देवळापाशी जरा थांबवता येईल का, नारळ द्यायचा आहे, असं त्यांनी विचारलं आहे. मी होकार दिलेला नाही, पण नकार देण्याचाही धीर झाला नाही. आठ वर्षं ते माणूस माझ्या तोंडाकडे पाहत फराळ वाढतंय. त्या दिवशी विमान जागचं हललं नाही तर मला खेडला तोंड दाखवता येणार नाही.

तेव्हा डब्याची घाई करा. म्हणजे पंपाविना बाग वाळते आहे, गुलाबांनी माना टाकल्या आहेत, आणि पाहुणे यायच्या दिवशी ते बरं दिसत नाही.

आपला,
उद्धवराव


चिंचवड, ३ जानेवारी १९५७

साडूभाऊंना नमस्कार. उसण गेली, आज पुरता वाकलो आहे.

डबा आज पार्सलनं रवाना केला. कामापुरतं लिहा म्हणालात, पण काम दाखवायचं आणि बोलायचं नाही हे मला जमत नाही. झडप नवी, दांडी नवी, दांडीला दोन्ही बाजूंनी पितळेच्या बाळ्या घातल्या आहेत. नातवंडांच्या काळापर्यंत डुगडुगायची नाही. सगळ्या शिवणींना रिबिटा, आणि तळाच्या त्या भोकातही एक रिबीट ठोकून ते कायमचं मिटवलं. मग दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारली, पाणी भरलं आणि स्टुलावर ठेवला. बघायला कारखान्यातली पोरं जमली. हे काय म्हणून विचारलं, तर म्हटलं आमच्या साडूंच्या गुलाबांचं औषध आहे. सकाळी स्टूल खडखडीत कोरडं.

उचलायला सोपं जावं म्हणून वर कडी लावली आहे. एका अंगाला कमळ रंगवलं आहे, ते आमच्या प्रत्येक मालावर असतं. दुसऱ्या अंगाला खिळ्यानं ठोकून नाव काढलं आहे. रंग जातो, ठोकलेलं जात नाही.

गुलाबांना नमस्कार सांगा.

आपला,
चिमाजी

ता. क. भाऊजी, हे जुना डबा घेऊन रस्त्यापलीकडच्या बरकतभाई मिस्त्रींकडे गेले होते. लढाईत त्यांनी मिलिटरीची इंजिनं दुरुस्त केली आहेत. दोघं बराच वेळ हसत होते. कशाला ते लिहायचं नाही अशी मला ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. — शालन


रायघाट, १२ जानेवारी १९५७

रा. रा. चिमाजीराव यांस नमस्कार.

डबा पोचला. कडी कापून टाकली. कमळ खरवडलं, त्यात माझी एक दुपार गेली. नाव तुम्ही इतकं ठोकलं आहे की ते घालवायचं तर डबाच घालवावा लागेल, म्हणून ती बाजू आत वळवून बसवला. पंपाला नावाची गरज काय, हे मला समजलं नाही.

बाकी काम वाईट नाही. झडप लोण्यासारखी फिरते. डबा हातात तोलून पाहत आमचे वैमानिक म्हणाले की विलायतवाल्यांनी लाजावं. त्यांना बागकामाची आवड आहे.

सौ. सुमन म्हणते, २६ तारखेला तुम्ही दोघांनीही यावं. पण तुम्हाला दुकान सोडवणार नाही हे मी जाणतो, त्यामुळे आग्रह करत नाही.

आपला,
उद्धवराव


रायघाट, २६ जानेवारी १९५७, संध्याकाळ

चिमाजीराव,

नमस्कार-चमत्कार राहू द्या. आज आपल्या दोघांच्या बायकांचं माहेर थोडक्यात वाचलं.

तो डबा पंपाचा नव्हता. आमच्याकडे पंप नाही. खरं म्हणजे बागही नाही. डबा विमानाचा होता. दिवाळीहून परत आलो तेव्हा तपासणीच्या साहेबांनी चिरा पाहिल्या आणि डबा बदलल्याशिवाय विमान उडवायचं नाही म्हणून बजावलं. मामांना शब्द तर आधीच देऊन बसलो होतो.

झेंडावंदन झालं. मामा नवा कोट घालून पुढच्या उघड्या खुर्चीत बसले. पागोटं काढायला तयार नव्हते, म्हणून मामींनी ते उपरण्याने हनुवटीखाली बांधून दिलं. मागे आमचे वैमानिक हिंदुराव, आणि पंखा फिरवायला मी. गारठा होता, इंजिन लागेना, म्हणून पेट्रोल जरा जास्त पाजलं. असं जास्तीचं पेट्रोल खाली डब्यात उतरतं आणि तळाच्या भोकातून जमिनीवर ठिबकून जातं. भोक त्याचसाठी असतं. तेच तुम्ही रिबीट ठोकून मिटवलंत. पेट्रोल डब्यात साचलं, इंजिन एकदा उलटं खोकलं, आणि विमानाच्या हनुवटीखालून भपकन जाळ निघाला.

अशा वेळी पंखा फिरवत राहायचं असतं. इंजिन लागलं की जाळ आत ओढला जातो. हे मला पाठ आहे, पण समोर सासरे पट्ट्याने खुर्चीला बांधलेले असताना ते आठवायला जो क्षण गेला तो मी जन्मात विसरणार नाही. जिवाच्या कराराने पंखा ओढला. दुसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं आणि जाळ आत गेला. तोवर मामींनी पाहुण्यांसाठी आणलेली ताकाची घागर माझ्या अंगावर रिकामी केली होती. जाळ माझ्यापासून लांब होता हे त्यांना धुरात दिसलं नाही म्हणे.

इंजिन थांबवलं, मामांना उतरवलं, झाकण काढून डबा बाहेर घेतला. मी ताकाने निथळत उभा. मामांनी चष्मा लावला, वाकले, आणि सगळ्या मंडळींसमोर मोठ्याने वाचलं, ‘‘चिमाजी ट्रंकवाले, चिंचवड. गळला तर परत.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘उद्धवराव, ह्यो धाकट्याचा डबा हितं कशापायी?’’

काय सांगणार? म्हटलं, मामा, विमान याच डब्यातून श्वास घेतं. विलायतेचा मिळेना म्हणून त्यांनी करून दिला. एवढं सांगताना मला जे झालं ते ताकामुळे कुणाला दिसलं नाही, तेवढीच देवाची कृपा.

तिथल्या तिथे रिबीट काढून भोक मोकळं केलं. मामांनी पळीभर पेट्रोल आत ओतायला लावलं आणि नव्या कोटासकट गुडघ्यांवर बसून खालून पाहिलं.

‘‘आता गळतोय न्हवं?’’

‘‘गळतोय, मामा.’’

‘‘मग बसतो.’’

जन्मभर गळक्या बादल्यांवर संतापलेला माणूस हा. डबा वाऱ्याला सुकवून पुन्हा बसवला. हिंदुरावांनी त्यांना घेऊन दोन घिरट्या घातल्या आणि अलगद उतरवलं. पागोटं जागच्या जागी होतं. भैरोबाचा नारळ मात्र मांडीवर तसाच राहिला. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो ताकाचा निघाला म्हणून कोटाला पुसला.

सगळं निभावलं. पण मी तुम्हाला विचारतो, भोक बुजवण्याआधी मला एका शब्दाने विचारायला काय झालं होतं?

उद्धवराव

ता. क. चिमाजीराव, तुम्ही विचारलं होतं. मी यांना आठवण करून देणार होते, पण आज माझा सगळा वेळ ताक धुण्यात गेला. — सुमन


चिंचवड, २ फेब्रुवारी १९५७

साडूभाऊंना नमस्कार.

तुमचं पत्र शालन मोठ्यानं वाचत होती. जाळ निघाला त्या वाक्यापाशी ती थांबली, तेव्हा वाच, वाच म्हणून मी ओरडलो. पुढं मामा सुखरूप उतरल्याचं कळेपर्यंत मी दुकानात उभा होतो की बसलेला, आठवत नाही. त्या दिवशी मी एकही रिबीट ठोकली नाही.

तुमची अर्धी कबुली आली, आता माझी घ्या. डबा विमानाचा आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बरकतभाईंनी हातात घेतल्याबरोबर ओळखला. ते म्हणाले, ‘‘चिमाजीभाऊ, हा पाण्याचा पंप उडतो बरं का.’’ तुमच्या गुलाबांवर आम्ही पोट धरून हसलो. वाटलं, साडूभाऊंना आपली लाज वाटते तर वाटू दे. आपण तोंडानं बोलायचं नाही. नाव मात्र असं ठोकायचं की विमानाचं पोट उघडेल त्याला दिसावं. ते मामांनाच दिसेल असं स्वप्नातही नव्हतं.

आणि भोक मी ते विमानाचं आहे हे ठाऊक असूनच बुजवलं. चिंचवडातली ट्रंक गळत नाही, मग आभाळातला डबा गळून कसं चालेल? माझी सगळी अक्कल पाणी आत राहिलं की खूश होते. बाहेर जायलाच हवं असं काही डब्यात असतं हे मला कुणी शिकवलं नाही आणि बरकतभाईंचंही तिकडं लक्ष गेलं नाही. तुम्ही 'विमान' एवढा एक शब्द लिहिला असतात तर मी भोकाबद्दल पुन्हा विचारलं असतं, तुम्ही रागावलात तरी. मीही 'मला कळलंय' एवढं लिहिलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. आपण दोघं मानापमान सांभाळत बसलो आणि म्हातारा मधल्यामध्ये पेटला असता.

पाटीवर लिहिलंय तेव्हा शब्द पाळतो. डबा परत पाठवा.

चिमाजी


रायघाट, ९ फेब्रुवारी १९५७

प्रिय चिमाजीराव,

डबा परत पाठवत नाही. तो गळतो आहे आणि उत्तम गळतो आहे. विमान रोज उडतं.

तुम्ही विचारलं होतं आणि मी चहाकडे लक्ष दिलं. चूक माझी. हे वाक्य लिहायला मी तीन कागद फाडले, सुमन साक्षीला आहे.

दुसरं असं, शेजारच्या क्लबाचं असंच एक विमान चिरलेल्या डब्यापायी कोपऱ्यात उभं आहे. त्यांचा डबा पार्सलने पाठवत आहे. हा विमानाचा डबा आहे. तळाला भोक आहे. ते ठेवायचं आहे. विसर पडू नये म्हणून त्यात लाल दोरा ओवून गाठ मारली आहे. कडी नको. कमळ काढलंत तरी चालेल, पण बारीक काढा, रंगाचंही वजन असतं. नाव बाहेरच्या बाजूला ठोका.

तुमचा,
उद्धवराव


चिंचवड, २० फेब्रुवारी १९५७

साडूभाऊंना साष्टांग नमस्कार. कंबर ठणठणीत आहे आणि मन त्याहून.

दोऱ्याचा डबा झाला. स्टुलावर ठेवून पाणी भरलं आणि ते खाली ठिबकेपर्यंत समोर बसून राहिलो. स्टूल ओलं झालेलं पाहून गिऱ्हाइकं हळहळली. एक म्हातारबा म्हणाले, चिमाजीचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. माझ्या अब्रूचा प्रश्न होता, म्हणून पाटी नवी रंगवून घेतली. वर पूर्वीसारखंच आहे, 'गळला तर परत'. त्याखाली दुसरी ओळ घातली, 'विमानाचा न गळला तर परत'. कारखान्यातली पोरं शिफ्ट सुटली की वाचायला थांबतात.

परवा मामा आले होते. आठ वर्षांत पहिल्यांदा दुकानाची पायरी चढले. अंगात तोच कोट, कोपराला ताकाचा डाग. शालननं धुवायला मागितला तर दिला नाही. स्टुलावर बसले आणि जो येईल त्याला विमानाचं सांगू लागले. वरून काय काय दिसलं ते कुणी विचारलं, तर म्हणाले, वारा लई होता, डोळे मिटून घेतले होते. मग डबा कसा असतो, हवा कुठून शिरते, झडप कशी फिरते, भोक कशाला, हे सगळं हातवारे करून सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘‘मोठ्यानं वर न्हेलं अन् धाकट्यानं दम पुरवला. माझ्या दोन्ही लेकींचं बरं झालं.’’

मी पत्रे उचलायच्या निमित्तानं आत गेलो. तिथं बराच वेळ मला पत्रा सापडला नाही.

निघताना म्हणाले, दिवाळीला या, बादल्या पुन्हा गळायला लागल्यात. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. दारात थांबून म्हणाले, ‘‘तसं न्हवं. औंदा दोघांनी बसायचं. एकानं धरायची अन् एकानं ठोकायची.’’

तेव्हा साडूभाऊ, येताना हातोडी घेऊन या. माझी मी देणार नाही. बेसनाचे लाडू आधी खाऊन घेऊ.

तुमचा,
चिमाजी